चार शब्द आणि मोबाइलवरचं जेवण: सतरा महिन्यांच्या मुलीसाठी घरानं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सतरा महिन्यांची. 'आई', 'बाबा', 'मम्म' आणि 'भूभू' एवढे चारच शब्द बोलते. आई कामावर परत रुजू झाली आहे, त्यामुळे मुलगी दिवसभर आजीजवळ असते. मोबाइल लावल्याशिवाय घास गिळत नाही. आजी म्हणतात, "हिचा बापही अडीच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता." शेजारणीनं फ्लॅशकार्डं आणि प्लेग्रुप सुचवलाय. काळजी करावी का, घरच्यांच्या वागण्यानं मुलाच्या वाढीत खरोखर किती फरक पडतो आणि घरी नेमकं काय करायचं, असं विचारलं आहे.

शब्द मोजत बसू नका. सतरा महिन्यांना चार शब्द हा आकडा कमीकडे झुकणारा आहे, पण एकट्या आकड्यावरून काही ठरत नाही. आधी दोन गोष्टी बघा: ती बोट दाखवते का, आणि बोललेलं तिला किती समजतं.

बोट दाखवणं दोन प्रकारचं असतं. एक मागण्यासाठी, म्हणजे फळीवरच्या डब्याकडे. दुसरं नुसतं दाखवण्यासाठी: खिडकीत कावळा आला, तिनं बोट केलं आणि लगेच मान वळवून तुमच्या तोंडाकडे बघितलं, तुम्हीही बघताय ना याची खात्री करायला. हे दुसरं जास्त महत्त्वाचं. ते नियमित दिसत असेल तर शब्द थोडे मागे असले तरी बोलण्याचा पाया घातला गेला आहे. ते अजिबात दिसत नसेल, तर वीस शब्द येत असले तरी तपासणी करून घ्या. उलट बाजूनंही बघा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला पडलेल्या चेंडूकडे तुम्ही बोट केलंत, तर ती चेंडूकडे बघते की तुमच्या बोटाकडेच?

समज तपासताना जवळपास प्रत्येक घरात एक गफलत होते. "चप्पल आण" म्हणताना आपण नकळत चपलेकडे बघतो, हनुवटी उडवतो, हात करतो. मूल शब्द ऐकत नाही, आपली हनुवटी वाचतं, आणि घरचे म्हणतात, "हिला सगळं कळतं हो." म्हणून हात मांडीखाली ठेवा, नजर तिच्या चेहऱ्यावरून हलवू नका आणि भलत्याच वेळी सांगा. बाहेर निघताना "चप्पल आण" कळलं तर तिला शब्द कळला असं नाही, वेळ कळली. दुपारी खेळता खेळता, खाणाखुणांशिवाय सांगितलेल्या दोन-तीन साध्या गोष्टी तिनं केल्या, तर समज चांगली आहे असं धरा.

यानंतर कान. जन्मल्यावर केलेली तपासणी ठीक आली होती म्हणून आता ती करायची गरज नाही असं नसतं. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या मधल्या कानात पाणी साचून राहतं आणि ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं. "ताट पडलं की दचकते" हा पुरावा धरू नका. कमी ऐकू येणाऱ्या मुलालाही ताटाचा आवाज येतो, 'स', 'श', 'फ' हे बारीक आवाज मात्र निसटतात. ऑडिओलॉजिस्टकडे (कानाची श्रवणक्षमता तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे) ओएई म्हणजे आतल्या कानाच्या प्रतिसादाची तपासणी, कानाच्या पडद्याची हालचाल बघणारी टिंपॅनोमेट्री आणि गरज वाटली तर बेरा, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का याची तपासणी करतात. बेरासाठी मूल झोपलेलं असावं लागतं, म्हणून दुपारच्या झोपेची वेळ मागून घ्या आणि सकाळी तिला झोपू देऊ नका.

आजींचं म्हणणं खोटं नाही. उशिरा बोलण्याची प्रवृत्ती घराण्यात असते. पण त्याचा अर्थ लावताना गल्लत होते. बाप उशिरा बोलला असेल तर मुलीकडे जास्त लक्ष द्यायला हवं, निर्धास्त राहायचं ते कारण नव्हे. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे आपोआप बरोबरीला येतात हे खरं, पण कोण येईल आणि कोण नाही हे सतराव्या महिन्यात कुणालाच सांगता येत नाही. घरात करायची गोष्ट फुकट आणि निरुपद्रवी असेल तर वाट बघण्यात काय हशील?

आता फरक किती पडतो ते. आईबाप सगळं घडवतात हे जितकं चूक, तितकंच "मुलं आपोआप वाढतात" हेही. स्वभाव, अनुवंश, वेळेआधी झालेला जन्म, थायरॉइड, कान यांवर कुणाच्या वागण्याचा इलाज नसतो. थंडपणे वागणाऱ्या आईमुळे ऑटिझम होतो असं गेल्या शतकाच्या मध्यावर मानत, ते साफ चुकीचं ठरलं. हल्ली मोबाइलवर फिरणारं 'मोबाइलमुळे ऑटिझम' हेही तसंच आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतं. मोबाइलमुळे ऑटिझम होत नाही. मोबाइल वेळ खातो, आणि त्या वेळात जे व्हायला हवं होतं ते होत नाही. नुकसान तिथं आहे.

व्हायला हवं होतं ते म्हणजे साद-प्रतिसाद. मूल आवाज काढतं, बघतं, हात पुढे करतं. समोरचं माणूस त्याच गोष्टीवर काहीतरी म्हणतं. मूल पुन्हा काहीतरी करतं. दिवसातून शेकडो वेळा होणाऱ्या या देवाणघेवाणीतून भाषा, लक्ष देणं आणि रडू आवरणं ही तिन्ही शिकली जातात. एड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी हसूनखेळून बोलत होती, मग तिला दोनेक मिनिटं चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलं. बाळं आधी हसून बघतात, हातवारे करतात, ओरडतात, आणि शेवटी तोंड फिरवतात. याच कामातून दिलासा देणारी एक गोष्टही पुढे आली: चांगल्या जोड्यांमध्येसुद्धा आई आणि बाळ पूर्ण सुरात असतात ते साधारण ३० टक्के वेळच. बाकीचा वेळ चुकणं आणि पुन्हा जुळवून घेणं यात जातो. त्यामुळे फोन आला म्हणून तिच्याकडे बघायचं राहिलं, तर काही बिघडत नाही. दिवसभर कुणीच उत्तर देत नसेल तर बिघडतं.

घरच्यांना हे शिकवता येतं का, याचं सगळ्यात भक्कम उत्तर जमैकाचं आहे. १९८६-८७ मध्ये किंग्स्टनमधल्या गरीब वस्त्यांत सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर या संशोधिकेनं आणि सहकाऱ्यांनी ९ ते २४ महिन्यांची, वाढ खुंटलेली १२९ मुलं घेतली. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा, तासभर, दोन वर्षं जात होत्या. मुलाला शिकवायला नव्हे, तर आईला मुलाशी खेळायला दाखवायला. खेळणी घरच्या टाकाऊ वस्तूंची, एका आठवड्याला ठेवलेली पुढच्या आठवड्याला बदलायची. ही मुलं बावीस वर्षांची झाली तेव्हा त्यांची कमाई घरभेटी न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्के जास्त निघाली. नुसता पूरक आहार मिळालेल्यांच्या कमाईत असा फरक दिसला नाही. आहार नको असा याचा अर्थ नाही, पण त्या तासाची किंमत यावरून कळते.

तुमच्या घरी हे कसं दिसेल, ते अंघोळीच्या वेळेवरून बघू. मुलगी टबात बसली आहे. तिनं पाण्यावर हात आपटला. आजी म्हणतात, "छप्प!" आणि गप्प राहतात. मनात सावकाश पाच आकडे. मुलगी वर बघते, पुन्हा हात आपटते. "छप्प छप्प! पाणी उडालं." पुन्हा गप्प. ती 'पा' असा काहीतरी आवाज काढते. "पाणी. हो, पाणी. आजीवर पाणी!" अर्ध्या मिनिटात देवाणघेवाणीच्या तीन फेऱ्या झाल्या. यात चार गोष्टी आहेत. विषय तिचा, आजींचा नव्हे: ती तांब्याकडे बघत असताना साबणावर बोलायचं नाही. तिच्या आवाजाला किंवा कृतीला शब्द द्यायचा. तिच्यापेक्षा एकच पायरी पुढे राहायचं, म्हणजे ती एकही शब्द बोलत नसेल तर एक शब्द, एक बोलत असेल तर दोन. आणि थांबायचं.

सगळ्यात अवघड थांबणंच. आपण बोलून दीड सेकंदात पुढचं वाक्य टाकतो. सतरा महिन्यांच्या मुलाला ऐकलेलं समजून घेऊन तोंडाची जुळवाजुळव करायला पाच ते दहा सेकंद लागतात. उत्साही घरांत मूल गप्प राहतं ते पुष्कळदा यामुळे: बोलायला जागाच मिळत नाही. 'मुलांशी भरपूर बोला' हा सल्ला म्हणूनच अर्धा आहे. किती शब्द कानावर पडले यापेक्षा किती फेऱ्या झाल्या हे भाषेच्या वाढीशी जास्त जुळतं. आजी दिवसभर एकट्याच बोलत राहिल्या तर तो रेडिओ झाला. मागे चालू असलेला टीव्ही दोन्ही बाजूंनी खातो: मोठ्यांचं बोलणं कमी होतं आणि मुलाचा खेळ तुकड्यातुकड्यांत होतो. कुणी बघत नसेल तर बंद.

दुसरी चूक परीक्षा घेण्याची. "हे काय आहे? सांग. काल सांगत होतीस ना? काकांना सांग." अशा प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्याला माहीत आहे हे मुलाला लवकर कळतं, आणि ते तोंड मिटतं. प्रश्न विचारायचाच तर निवडीचा विचारा. एका हातात केळं, दुसऱ्या हातात चिकू, दोन्ही तुमच्या तोंडाच्या उंचीवर म्हणजे ओठही दिसतील, "केळं? की चिकू?" नजर, बोट, आवाज, जे मिळेल ते उत्तर धरा आणि लगेच द्या. "आधी बोल, मग देते" हे करू नका. त्यानं शब्द येत नाहीत, भांडण येतं. न मागता सगळं पुढ्यात आणून ठेवणं ही याच्या उलट बाजूची चूक. भाकरीचा एक छोटा तुकडा द्या आणि थांबा. आवडता चेंडू घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवा, म्हणजे तिला तुमच्याकडे यावंच लागेल.

बोबडं बोलू नका, असं काही शिकलेले आईबाप आजीला बजावतात. ते सोडून द्या. मम्म, भूर, जोजो, गाई, बाऊ, हम्मा, माऊ हा मराठी घरांचा खजिना आहे. ओठांनी काढायचे, जोडीनं येणारे, चढ्या आणि लांबवलेल्या सुरातले आवाज बाळाचं लक्ष धरून ठेवतात आणि तोंडाला सोपे पडतात. फक्त शेजारी खरा शब्दही ठेवायचा: "हम्मा आली, गाय आली." भाषेबद्दलही तसंच. जो माणूस ज्या भाषेत सहज बोलतो, चिडतो, हसतो, त्यानं त्या भाषेत बोलावं. आजींच्या मराठीला 'ॲपल, बनाना'ची ठिगळं लावल्यानं शाळा सोपी होत नाही, आजींचं बोलणं मात्र आटतं. दोन भाषांमुळे मुलं उशिरा बोलत नाहीत. परदेशातल्या मराठी घरांना 'घरी मराठी बंद करा' असं अजूनही कुणी सांगत असेल तर तो सल्ला जुना झाला आहे.

जेवणाकडे वळू, कारण तुमच्या घरातली मोठी गळती तिथं आहे. तीन वेळा चाळीस मिनिटं म्हणजे रोजचे दोन तास मूल माणसाच्या तोंडाकडे न बघता काढतंय. शिवाय पडद्याकडे बघताना भूक लागली, पोट भरलं, हे तिला कळेनासं होतं आणि घास न चावता गिळायची सवय लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशीनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको, दोन ते चार वर्षांत जास्तीत जास्त तासभर, त्याहून कमी असेल तर बरं. लांब राहणाऱ्या मामाशी व्हिडिओवर बोलणं यात धरू नका, तिथं समोरून उत्तर येतं.

मोबाइल काढण्याआधी दूध मोजा. "काहीच खात नाही" अशा घरात बहुधा २५० मिलीच्या तीन बाटल्या पोटात जात असतात. साडेसातशे मिली दूध प्यायलेल्या मुलाला भूक लागणार कशी? दिवसाला ४०० ते ५०० मिली पुरे. तेही बाटलीतून नको, पेल्यानं, आणि जेवणानंतर. रात्री झोपेत बाटली दिली तर पुढचे दात किडतात, ते वेगळंच. जास्त दुधाचा आणखी एक तोटा आहे: दुधात लोह जवळपास नसतं आणि अन्नातलं लोह शोषलं जाण्यातही ते आडवं येतं. या वयात लोह कमी पडलं की मूल किरकिरं होतं, लक्ष टिकत नाही, मेंदूच्या वाढीलाही तोशीस लागते. चहात बुडवलेलं बिस्किट हे आपल्याकडचं लाडकं खाणंही त्याच कारणासाठी बंद. जेवणात डाळ, पालेभाजी, चालत असेल तर अंडं, मासे, खिमा, आणि वरणावर लिंबू पिळा, त्यानं डाळीतलं लोह नीट शोषलं जातं. 'ॲनिमियामुक्त भारत' कार्यक्रमात ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा, दर वेळी १ मिली (त्यात २० मिलिग्रॅम लोह) देतात. आशाताई किंवा अंगणवाडीत विचारा. हा प्रतिबंधाचा डोस आहे. रक्त कमी निघालं तर उपचाराचा डोस डॉक्टर ठरवतात. शी काळी होईल, घाबरू नका.

मग मोबाइल. सगळी जेवणं एकदम बदलू नका. जिथं ती सगळ्यात भुकेली असते ते एकच जेवण निवडा, बहुधा सकाळचं अकराचं. सतरंजी किंवा जुनी चादर अंथरा, तिची ताटली मांडा, आजीही सोबत जेवायला बसू द्या. ताटलीत तीन गोष्टी: एक ओळखीची (वरणभात-तूप), एक मऊ भाजी, एक हातात धरता येण्यासारखी, जशी उकडलेल्या रताळ्याची फोड. सुरुवातीला प्रत्येक पदार्थ दोन-दोन चमचेच वाढा. भरवायचा एक चमचा तिच्या हातात, एक तुमच्या. सगळ्यांचे मोबाइल खोलीबाहेर, आजींचाही. वीस ते पंचवीस मिनिटं झाली की न बोलता ताटली उचलायची, खाल्लं असो वा नसो. पुढचं खाणं दोन-अडीच तासांनी, मध्ये फक्त पाणी. काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं ते तिनं. नवा पदार्थ आवडेपर्यंत आठ-दहा वेळा पुढे यावा लागतो. दोनदा थुंकला म्हणून बाद करू नका. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं मात्र अजिबात नकोत, श्वासनलिकेत अडकतात.

दुसऱ्या ते चौथ्या दिवशी ती नक्की कमी खाईल आणि रडेल. घरं हरतात ती इथंच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कुणाचा तरी जीव तुटतो आणि मोबाइल हातात येतो. मग तिला कळतं की तीन दिवस रडलं की मिळतो, आणि परिस्थिती पहिल्या दिवसापेक्षा वाईट होते. म्हणून सुरू करण्याआधी घरातल्या सगळ्यांचं एकमत करा. ताप, जुलाब, प्रवास, लग्नकार्य जवळ असेल तर पुढे ढकला. पहिल्या दिवशी वजन करा, पुन्हा दोन आठवड्यांनी त्याच काट्यावर. वजनाचा आलेख आधीच कमी पट्ट्यात असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच करा. एक जेवण आठवडाभर सुरळीत झालं की दुसरं घ्या. १२ ते २३ महिन्यांसाठी पाऊण ते एक वाटी (२५० मिलीची), दिवसातून तीन-चार वेळा, शिवाय एक-दोन वेळा मधलं खाणं, असं माप सांगतात. ते दिवसाचा अंदाज म्हणून वापरा. प्रत्येक ताटलीत तेवढं संपलंच पाहिजे असा हट्ट धरलात तर मोबाइल पुन्हा येईल.

आता आजींबद्दल, कारण ही सगळी योजना त्यांच्या जिवावर आहे. साठी उलटलेली बाई नऊ तास धावत्या मुलामागे, वर स्वयंपाक. त्यांच्या दिवसात टेकायला मिळणारी अर्ध्या तासाची एकच जागा म्हणजे तो मोबाइल. तो काढायचा असेल तर बदल्यात अर्धा तास द्यावा लागेल. सकाळी निघण्याआधी भाजी चिरून ठेवणं, दुपारी दोन तास एखादी मदतनीस, संध्याकाळी आल्या आल्या मुलीला घेऊन बाहेर पडणं, यातलं काहीही चालेल. हे झाल्याशिवाय आजींना सूचना देऊ नका. आणि सूचना सुनेनं देऊ नये, लेकानं आपल्या आईशी बोलावं. "आई, तू चुकतेस" असं नको. "तू मला म्हणायचीस ती बडबडगीतं हिला म्हण, आणि शेवटच्या शब्दाला थांब" असं सांगितलं तर त्या उत्साहानं करतील. थांबलेल्या त्या शब्दाच्या जागी मूल आवाज भरतं, आणि कुणी शिकवतंय हे कुणालाच जाणवत नाही. मालीश, अंघोळ, संध्याकाळी देवळात नेणं, चिऊ-काऊ दाखवणं हे सगळं त्यांचंच ठेवा. कानात-नाकात तेल सोडणं आणि डोळ्यांत काजळ एवढं थांबवा.

बापानं रोजचं एक काम पूर्ण आपल्या अंगावर घ्यावं, अंघोळ किंवा निजवणं. देखरेखीला कुणी उभं नको. "तू कर, मी बघते" यात बाप शिकत नाही आणि आई सुटत नाही.

आणि आई? बाळंतपणानंतर वर्ष-दीड वर्षानंही उदासी रेंगाळलेली असू शकते. झोप मिळूनही थकवा, मुलीबरोबर असताना काहीच न वाटणं, सारखी चिडचिड, 'मी नालायक आई आहे' हा धोशा, हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल तर त्याला आळस किंवा 'नोकरीचा ताण' म्हणू नका. उदास आईचा चेहरा बाळाला तसाच निर्विकार दिसतो, आणि यात तिचा दोष नसतो. पाकिस्तानात रावळपिंडी भागात झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या गावातल्याच आरोग्यसेविकांनी नैराश्य असलेल्या गर्भवतींना घरी जाऊन ठरावीक पद्धतीनं आधार दिला. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या गटातल्या २३ टक्के आयांना नैराश्य होतं, असा आधार न मिळालेल्या गटात ५३ टक्के आयांना. आईच्या उपचारानं बाळांचं जुलाबाचं प्रमाण घटलं आणि आईबापांचा मुलाशी खेळण्याचा वेळ वाढला. मदतीसाठी टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला २०१७च्या दुरुस्तीनंतर पाळणाघराची सोय करणं बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाता येतं. कार्यालयात विचारून बघा, पुष्कळांना हे ठाऊकच नसतं.

या वयात चावणं, मारणं, जमिनीवर लोळणं चालू होईल. ते शब्दांच्या अभावी आहे. हात धरा, चेहऱ्याच्या पातळीवर या, "चावायचं नाही. बाऊ होतो." एवढंच, आणि लगेच दुसरं काही हातात द्या. लांबलचक समजावणी तिच्या डोक्यावरून जाते. बागुलबुवा आणि 'डॉक्टर सुई टोचतील'ची भीती घालू नका. पुढचं लसीकरण तुम्हालाच करायचंय.

फ्लॅशकार्डं नकोत. कार्डावरचं सफरचंद चपटं, वास नसलेलं आणि न फुटणारं असतं. तेच पैसे जाड पुठ्ठ्याच्या दोन चित्रपुस्तकांवर घाला आणि ती उघडेल त्या पानावर बोला, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा आग्रह नको. घरातली खेळणी पुरतात: एकात एक बसणारे डबे, झाकणं, प्लास्टिकच्या बाटलीत मूठभर तांदूळ (झाकण पक्कं चिकटवून), जुन्या ओढणीतून ओढून काढायचा रुमाल. १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम उभं केलं ते परिसरातली पानं, बिया, शंख-शिंपले घेऊनच. चाकांचा वॉकर असेल तर देऊन टाका, त्यानं चालणं लवकर येत नाही, जिन्यावरून पडणं मात्र होतं. कॅनडात त्यावर २००४ पासून बंदी आहे.

प्लेग्रुपला घाई नाही. वीस मुलांमागे एक ताई असेल तर तिथं आजींपेक्षा कमी फेऱ्या होतील. घालायचंच असेल तर जाऊन अर्धा तास बघा: ताई मुलांच्या पातळीवर बसते का, रडणाऱ्याला कोण घेतं, भिंतीवर टीव्ही आहे का. जवळच्या अंगणवाडीत नाव असू द्या. वजन-उंची, लसीकरण, घरपोच आहार आणि पालकांसाठीचे उपक्रम तिथं मिळतात. केंद्र सरकारच्या २०२४च्या 'नवचेतना' आराखड्यात जन्मापासून तीन वर्षांपर्यंत महिन्यानुसार घरी करायचे खेळ दिले आहेत, सेविकांकडे मागा.

थेट तपासणीला कधी जायचं? बारा महिन्यांनंतरही बडबड किंवा हातवारे नाहीत, सोळा महिने झाले तरी एकही शब्द नाही, चोवीस महिन्यांना "बाबा ये" सारखे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, किंवा आधी येत असलेले शब्द वा हसणं नाहीसं झालं. शेवटचं असेल तर आठवडाही थांबू नका. ऑटिझमची शक्यता बघायला सोळा ते तीस महिन्यांसाठी वीस प्रश्नांची एम-चॅट-आर ही चाळणी आहे, बालरोगतज्ज्ञ दहा मिनिटांत भरून घेतात. चाळणीत अडकणं म्हणजे निदान नव्हे. सरकारी व्यवस्थेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे (२०१३ मध्ये पालघरमधून त्याची सुरुवात झाली), त्याचं पथक अंगणवाडीत येतं आणि गरज पडली तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. तिथं ऑडिओलॉजी, वाचाउपचार आणि फिजिओथेरपी मोफत असते. चिठ्ठी मिळाली की पुढची तारीख स्वतः फोन करून घ्या, नाहीतर चिठ्ठी कपाटात राहते.

उशीर झाला का, ही भीती प्रश्नात लपलेली आहे. रुमानियातल्या अनाथालयांतल्या १३६ मुलांवरचा बुखारेस्टचा अभ्यास याबाबत बोलका आहे. दोन वर्षांच्या आत पालक-कुटुंबात (सांभाळायला घेणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात) गेलेल्या मुलांची सुधारणा सगळ्यात चांगली झाली, पण नंतर गेलेल्यांनाही फायदा झालाच. आणि ती मुलं कुणा एका जवळच्या माणसावाचून वाढलेली होती. तुमच्या मुलीला अंगाखांद्यावर घेणारी तीन माणसं घरात आहेत. कमतरता आहे ती काही तासांची.

आजपासून एक वही घाला. रोज तीन ओळी: नवा शब्द किंवा आवाज (चुकीचा उच्चारही चालेल, 'पा' म्हणजे पाणी असं लिहा), तिनं स्वतःहून दाखवलेली एक गोष्ट, आणि मोबाइलशिवाय झालेली जेवणं. कानाची तपासणी या पंधरवड्यात उरका. सहा आठवड्यांनी वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा, आजींनाही सोबत न्या. दिवसभराचं त्यांनाच जास्त माहीत असतं, आणि डॉक्टर जे सांगतील ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं बरं.